डिपर दाबला की विझणारे दोन दिवे

आधी माफी मागून घेतो. लिहिणं हे ज्यांच्या घरात चालत आलंय त्यांचं काम, असं मला अजूनही वाटतं. आमच्या घरात कागद आहेत, नाही असं नाही. रेशनकार्ड, सातबारा, लाइटबिलं, माझ्या दहावी-बारावीच्या गुणपत्रिका आणि अण्णांच्या गाडीचं आरसी बुक. बिस्किटांच्या एका जुन्या पत्र्याच्या डब्यात ते सगळे राहतात. पण त्यातला एकही कागद आमच्या हातचा नव्हता. सगळे आमच्याबद्दल दुसऱ्यांनी लिहिलेले. गेल्या वर्षी त्या डब्यात पहिल्यांदा माझ्या अक्षरातला एक कागद गेला. तो अर्ज होता, गाडीच्या दोन जादा दिव्यांसाठी; डब्यात त्याची झेरॉक्स आहे. तो लिहिताना आजूबाजूचे लोक हसत होते आणि तरी मी तो पूर्ण केला. तेवढ्याच आधारावर आता हे लिहितोय. चुकलं तर चुकलं, पण लिहिणार.

गाडी म्हणजे पांढरी अँबॅसिडर, वयानं माझ्यापेक्षा मोठी. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ती शहरातल्या एका डॉक्टरांकडे वीस-बावीस वर्षं चालवली. डॉक्टर कायमचे मुलाकडे राहायला गेले तेव्हा त्यांनी ती अण्णांच्या नावावर करून दिली. आमचं गाव शेंद्र्याच्या पुढं आहे. आजोबा मेंढरं राखायचे, काका अजून राखतात. अण्णांनी तरुणपणीच हातातली काठी सोडून स्टेअरिंग धरलं.

शहरात अशा गाडीला आता क्लासिक म्हणतात. हौशी लोक ती पॉलिश करून कापडाखाली झाकून ठेवतात. आमच्या क्लासिकच्या मागच्या सीटवर रोज पहाटे कोथिंबीर आणि मेथीच्या जुड्या बसायच्या, आणि पुढं अण्णांच्या शेजारी माय. साडेपाचच्या आत भाजीमंडईत पोचलं की माल पहिल्या बोलीत जातो. त्यानंतर आलेल्या कोथिंबिरीकडे कोणी मान वळवून बघत नाही.

दोन हिवाळ्यांपूर्वीची गोष्ट. मी सुट्टीला घरी आलो होतो आणि त्या पहाटे मागच्या सीटवर जुड्यांमध्ये अंग चोरून बसलो होतो. धुकं होतं. गाडीचे दिवे मंद. रिफ्लेक्टर बदलून झाले होते, वायर बदलून झाली होती, तरी उजेड पुढच्या दहा-पंधरा पावलांवर जाऊन संपायचा. समोरून एक ट्रक आला. त्याच्या टपावर पांढऱ्या एलईडीची लांब पट्टी होती. सगळी काच पांढरी झाली. अण्णांनी वेग कमी केला, ट्रक गेला, आणि मग काहीच दिसेना. जेव्हा दिसलं तेव्हा समोर मेंढरं होती. काकांचाच कळप, रस्ता ओलांडत असलेला. अण्णांनी ब्रेक दाबला, पण एक गाभण मेंढी चाकाखाली आली.

काकांनी तिच्यावर आपली घोंगडी टाकली. अण्णांकडे न बघता एवढंच म्हणाले, "दादा, गाडी बाजूला घी. मागून ट्रकं येतील."

दुसऱ्या दिवशी काका नेहमीसारखे चहाला आले. भांडण नाही, काही नाही. पण अण्णांनी गाडीची किल्ली दाराच्या वरच्या खिळ्याला अडकवली आणि उजाडल्याशिवाय तिला हात लावणं सोडून दिलं. माय गावातल्या एका पिकअपमधून जायला लागली, मागच्या हौद्यात उभी, दोराला धरून. त्या पिकअपला गावभर फिरून माल भरायचा असायचा, त्यामुळे पहिली बोली हुकायची. पण ते मला तितकं टोचलं नाही. टोचलं हे की अण्णा रोज चारला उठायचे, जुड्या पिकअपमध्ये चढवून द्यायचे आणि तिचा मागचा लाल दिवा दिसेनासा होईपर्यंत उंबऱ्यावर बसून राहायचे. आयुष्यभर ड्रायव्हर असलेला माणूस, आणि बायको दुसऱ्याच्या गाडीत उभी.

मी म्हणालो, "अण्णा, जादा दिवे लावू."

"त्या ट्रकवाल्यासारखे?"

"नाय. कायद्यात बसतील असे."

"बसत्यात का कायद्यात?"

"बघतो."

"बसत असले तर चालवीन," अण्णा म्हणाले. "चोरून लावलेल्या उजेडात मी गाडी काढणार नाय. उद्या काय झालं तर लोक पयल्यांदा ते दिवं बघतील."

'बघतो' हा तोपर्यंत मी बोललेला सगळ्यात मोठा शब्द होता, हे मला नंतर कळलं. मी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होतो आणि पुंडलिकनगरात तिघांच्या खोलीत राहत होतो. आमच्या घराण्यात कॉलेजचा जिना चढलेला मी पहिला. ग्रंथालयात मोटार वाहन नियमांचं जाड इंग्रजी पुस्तक मागितलं तेव्हा देणाऱ्यानं विचारलं, "लायसन्स काढायचंय का?" मी हो म्हणालो. खरं सांगितलं असतं तर अजून दोन प्रश्न आले असते. तीन दिवस डिक्शनरी शेजारी ठेवून वाचलं. शेजारच्या टेबलावरची मुलं स्पर्धा परीक्षेचं वाचत होती आणि मी दिव्यांची उंची वाचत होतो. जेवढं कळलं ते वहीत उतरवलं: जादा दिवे दोनच. मुख्य दिव्यांपेक्षा वर नकोत. दोन्ही बाजूंना सारख्या उंचीवर, एकाच रंगाचे. काचेवर मान्यतेची खूण हवी. आणि लांबवर जाणारा उजेड असेल तर डिपर, म्हणजे झोत खाली करायची कळ, दाबल्यावर तो विझला पाहिजे, समोरच्याचे डोळे दिपता कामा नयेत.

गाडीच्या नोंदणीची मुदत संपत आलीच होती. जुन्या गाडीला दर पाच वर्षांनी तपासणीला उभं राहावं लागतं, त्याला सगळे पासिंग म्हणतात. मी ठरवलं, दिवे लावूनच पासिंगला न्यायची.

गारखेड्यात पत्र्याच्या शेडमध्ये एक म्हातारे इलेक्ट्रिशियन चाचा बसतात. डॉक्टरांच्या काळापासून ही गाडी त्यांच्याच हातातली. माझी वही बघून त्यांनी चष्मा कपाळावर चढवला.

"बेटा, बत्त्या लावायला मला एक घंटा. कायद्यानं लावायला तुझी उमर जाईल."

"जाऊ द्या, चाचा."

"अरे, पासिंग होऊ दे, मग लाव. सब येइच करते."

"अण्णा चालवणार नाहीत तशी."

चाचांनी वही परत दिली. "हौ," ते म्हणाले. "तुझा बाप तसाच हाये. सिग्नलवर कोई नई रहा तो भी रुकता."

त्यांनी बंपरच्या वर, मुख्य दिव्यांच्या खाली दोन गोल दिवे बसवले. पितळी कडेचे, गाडीला शोभणारे. त्यांच्यासाठी डॅशबोर्डखाली एक वेगळं बटण दिलं. ते बटण बघून मला माझ्या वहीतली शेवटची ओळ आठवली. बोलावं असं वाटलं. पण त्यांनी पन्नास वर्षं वायरी जोडल्या होत्या आणि मी तीन दिवस पुस्तक वाचलं होतं, म्हणून गप्प बसलो. त्याची शिक्षा पुढं मिळाली.

दिव्यांचा झोत लावायला चाचा एका संध्याकाळी स्कूटरवरून गावात आले. शाळेच्या भिंतीवर खडूनं रेघा मारून त्यांनी स्क्रू फिरवले आणि झालं म्हणाले. पण काका तिथंच उभे होते. ते म्हणाले, "भिंतीला काय डोळं हायेत?" आणि जाऊन कळपातला एडका, म्हणजे नर मेंढा, घेऊन आले. रस्त्यावर वीस-पंचवीस पावलांवर जाऊन त्याला शेजारी धरून उकिडवे बसले.

"लावा दिवं!"

दिवे लागले. एडका जागच्या जागी थिजला.

"खाली घ्या! मेंढराचं डोळं गुडघ्याएवढ्या उंचीवर असतंय. उजेड त्येच्या पायावर पडला पायजे. डोळ्यात गेला की ते हालत नाय, उभं राहतं मरायला."

चाचांनी स्क्रू फिरवला. एडक्यानं मान फिरवली, पण जागचा हलला नाही. "आजून खाली!" पुन्हा फिरवला. असं चार-पाच वेळा झालं. शेवटी दिवे चालू असताना एडका निवांत रस्त्याच्या कडेचं गवत खायला लागला, तेव्हा काका उठले.

"आता बरोबर हाये."

चाचा कपाळाचा घाम पुसत म्हणाले, "उमर गुजर गई, पयली बार बकरे से फोकस सेट करा मैं!"

"बकरा नाय, चाचा," काका दुखावून म्हणाले, "एडका हाये त्यो."

पुस्तकात 'डोळे दिपता कामा नयेत' यासाठी इंग्रजीत एक शब्द होता, मी तो डिक्शनरीत तीनदा बघितला होता. त्याचा अर्थ मला त्या संध्याकाळी कळला.

पासिंगच्या दिवशी आरटीओच्या मैदानात गाड्यांची रांग होती. तपासणारी इन्स्पेक्टर मॅडम तरुण होती, माझ्यापेक्षा पाच-सात वर्षांनी मोठी असेल. अण्णांनी तिला बघताच टोपी काढून हात जोडले. तिनं दिवे लावायला सांगितले, मग डिपर. मुख्य दिवे खाली झुकले, पण चाचांच्या वेगळ्या बटणावरचे ते दोन तसेच पेटत राहिले.

"हे असं चालणार नाही," ती म्हणाली. "काढून आणा."

एक एजंट आमच्या बाजूला येऊन उभा राहिला होता. "काका, दोन नटांचं काम हाये," तो अण्णांना हळूच म्हणाला. "आत्ता काढा, पास करून घ्या, घरी जाऊन परत लावा. सगळेच करत्यात."

अण्णांनी डिकीतून पाना काढला होता. ते वाकले. मला कळत होतं काय होणार ते. हे दिवे आज निघाले की परत कधी लागणार नाहीत, कारण चोरून लावायचे नाहीत हे अण्णांनीच ठरवलंय. गाडी पास होईल, किल्ली खिळ्यालाच राहील आणि माय हौद्यात उभी राहील.

मी दिव्यावर हात ठेवला. काच तापलेली होती.

"अण्णा, नको. थांबा." मग मॅडमकडे वळलो. "मॅडम, दिवे चुकीचे आहेत का वायर चुकीची आहे?"

तिनं वाकून दिव्यांच्या मागं बघितलं. "वायर."

"मग वायर बदलून आणतो. दिवे काढणार नाही. काय चूक आहे ते लिहून द्याल का?"

"लिहून पायजे याला!" एजंट हसला. "कलेक्टर व्हायचंय का रं? जाय, कॉलेजात जाय, इथं कामून वेळ घालवतो?"

उत्तरं मला कायम परतीच्या रस्त्याला सुचतात. पण मी दिव्यावरचा हात काढला नाही. रांगेतले दोघं-तिघं हसले. अण्णा पाना हातात धरून तसेच उभे. ते माझ्यावर चिडलेत की घाबरलेत, मला कळत नव्हतं.

"तुम्ही आधी अर्ज द्या," मॅडम म्हणाली. "काय लावलंय, कशासाठी लावलंय ते लिहा. मग मी त्यावर लिहीन."

मी वहीतलं पान फाडलं आणि बॉनेटवर ठेवून अर्ज लिहिला. बॉनेट गरम होतं, पेन नीट चालत नव्हतं. कारणाच्या जागी काय लिहावं कळेना. शेवटी लिहिलं, "पहाटे रस्त्यावर मेंढरं असतात." मॅडमनं ते वाचलं, पण हसली नाही. खाली लिहिलं, जादा दिव्यांचं कनेक्शन डिपरशी जोडून पुन्हा हजर करावं, आणि सही केली.

परत येताना अण्णा म्हणाले, "माय इचारील. नापास झालो म्हणून सांग."

"आपण नाय झालो, अण्णा. वायर नापास झाली."

अण्णा हसले. मेंढी मेल्यापासून ते पहिल्यांदा हसलेले मी बघितले.

चाचांनी कपाळाला हात लावला. "मैं सोचा, कौन देखता." त्यांनी वेगळं बटण काढून टाकलं आणि एक रिले बसवून जादा दिव्यांची वायर मुख्य दिव्यांच्या लांबच्या झोताला जोडली. या गाडीचा डिपर पायाशी असतो, क्लचच्या डाव्या बाजूला जमिनीत एक गोल खुंटी. अण्णांनी डाव्या पायानं ती दाबली. दोन्ही जादा दिवे विझले, मुख्य दिवे खाली झुकले. परत दाबली, चारही पेटले. अण्णांनी ते सात-आठ वेळा केलं. आम्ही कोणी त्यांना थांबवलं नाही.

दुसऱ्या तपासणीच्या सकाळी एक चूक झाली, आणि ती आमच्याच घरात होऊ शकते. गाडी निघायच्या आधी मायनं खंडोबाचं नाव घेऊन दोन्ही दिव्यांना भंडारा लावला, तेलात कालवून, बोटानं. तेवढ्यात काका आले. त्यांना वाटलं, एवढ्यानं काय होतं. त्यांनी उजव्या दिव्याच्या काचेवर मूठभर चोळला. मी घाईत होतो, बघितलं नाही. रस्त्यात सावधगिरी म्हणून अण्णांनी दिवे चालूच ठेवले होते. हळद त्या उष्णतेनं काचेवर भाजून बसली.

मॅडमनं टेपनं उंची मोजली, काचेवरची खूण बघितली. मग दिवे लावायला सांगितले आणि दोन पावलं मागं सरली.

"एक पांढरा, एक पिवळा? दोन्ही एकाच रंगाचे पाहिजेत."

मी खाली वाकून बघितलं आणि मला रडू यायचं बाकी राहिलं. तोच एजंट तिथं होता. "घ्या," तो म्हणाला, "या बारीला देवानंच नापास केलं! काढा आता त्ये दिवं."

मी तोंड उघडायच्या आत अण्णा पुढं झाले. या वेळी हात जोडलेले नव्हते.

"मॅडम, भंडारा हाये हा. घरच्यांनी लावलाय. पुसतो मी. पर दिवं काढणार नाय."

इतक्या सरळ आवाजात अण्णांना कोणत्याही साहेबाशी बोलताना मी ऐकलं नव्हतं. डॉक्टरांशीसुद्धा ते मान खाली घालूनच बोलायचे.

"पुसा मग," मॅडम म्हणाली. "तोवर मी मागची गाडी बघते."

मी चहावाल्याकडून ओलं फडकं आणि भांडी घासायच्या साबणाचा तुकडा आणला. अण्णांनी माझा हात धरला. "थांब. गार होऊ दे. तापल्या काचेला पाणी लावलं तर तडकंल." म्हणून आम्ही थांबलो. मागच्या चार गाड्या आमच्या पुढं गेल्या. अण्णा दिव्यापुढं बसून राहिले, मधूनमधून काचेला बोट लावून बघत. मग त्यांनी सावकाश ती घासून काढली. टोपीच्या आतल्या बाजूनं कोरडी केली.

मॅडम परत आली, स्वतः सीटवर बसली आणि स्टेअरिंगजवळ डिपर शोधायला लागली.

"पायाखाली हाये, मॅडम," अण्णा म्हणाले.

तिनं खुंटी दाबली. दोन्ही दिवे विझले. पुन्हा दाबली, पेटले. दोन्ही पांढरे.

"माझ्याकडून ठीक आहे," ती उतरत म्हणाली. "पण जादा दिव्यांचा अर्ज आहे, तो वर जाईल. निकाल कळेल तुम्हाला."

तो निकाल लवकर कळला नाही. मी दर आठवड्याला ऑफिसच्या खिडकीवर जायचो आणि 'वर आहे' हे ऐकून यायचो. गावात लोक अण्णांना म्हणायचे, दोन नट काढले असते तर आज गाडी रस्त्यावर असती, पोराच्या नादी लागून बसले. अण्णा मला फोनवर हे सांगायचे आणि मग म्हणायचे, "तू जाय खिडकीवर. इचारत राहा." मला भीती वाटायची. समजा वरून नाही आलं, तर मी बापाची चालती गाडी हट्टापायी घालवली असं होईल. तरी खिडकीवर गेल्यावर 'काढतो' हा शब्द माझ्या तोंडातून निघाला नाही, आणि त्याचा मला आजही पश्चात्ताप नाही.

परीक्षा सुरू व्हायच्या आठवड्यात माझ्या मोबाइलवर मेसेज आला, नूतनीकरण मंजूर. मी धावत गॅलरीत जाऊन अण्णांना फोन केला. ते म्हणाले, "बरं. कागद हातात येऊ दे." पुढं काही नाही. मला वाईट वाटलं. एवढं करून 'बरं'.

कागद पोस्टानं गावी गेला असणार, मला कोणी कळवलं नाही. पेपरच्या दिवशी मी पहाटे उठून वाचत बसलो होतो. साडेपाचला अनोळखी नंबरावरून फोन आला. माय होती, कोणाच्या तरी मोबाइलवरून. मागं मंडईचा गलका होता.

"झोपला व्हता का रं?"

"नाय, वाचतोय. काय झालं?"

"काय नाय. आज लवकर पोचलो."

"पिकअप लवकर निघाली का?"

"पिकअप कशाची. तुझ्या बापानं किल्ली काढली आन् पाचच्या आत गाडी काढली."

मी पुस्तक मिटलं. माय बोलतच होती.

"पुलापाशी तुझा काका आडवा आला मेंढरं घिऊन. लांबूनच दिसली सगळी, पाय दिसलं, कोकरं दिसली. थांबलो आमी."

"मग?"

"मग काय? यांनी पायानं ते दाबलं, दिवं बारीक केलं. मेंढरं गेली. आमी आलो. ठिव आता, पयली बोली लागली."